रकाना क्रमांक सात

कामगार न्यायालयाबाहेर, वांद्रे पूर्वला
बदामाच्या झाडाखाली माझं टेबल.
आधी गोदरेजचं मशीन होतं, आता संगणक,
वायर झेरॉक्सवाल्याकडून उसनी.
पानाला चाळीस रुपये.
रडण्याचे वेगळे घेत नाही.

ती समोर उभी राहिली तेव्हा मी म्हणाले, "यस मॅडम?"
आणि पायाशी ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेतली.
कुणी विचारलेलं नाही,
तरी हे आधी लिहून ठेवते.

"मराठीत बोल गो बाय," ती म्हणाली.
"हळियाळची मी. लुसिया इनास सिद्दी.
आमच्या आज्याच्या आज्याची हाडं त्याच रानात आसत.
हितं मात्र रोज कोणतरी विचारतो, कुठल्या देशाची?"

मग सांगत गेली, मी टाइप करत गेले.
मुलुंडचा ब्युरो. आजारी माणसांची रात्रपाळी.
बाकीच्या बायांना अठरा हजार, हिला तेरा,
कारण पेशंट दचकतो.
भांडुपला दार उघडलेली सून म्हणाली,
आम्ही नर्स मागवली होती,
आणि दार हळूच, अगदी सभ्यपणे, लावून घेतलं.
घाटकोपरचा म्हातारा
दिवसा हिच्या हातचं पाणी घेईना,
रात्री दोननंतर मनगट सोडीना.
ब्युरोत सांगितलं तर मालक हसला,
"आरशात बघ. तुझ्यावर कोण हात टाकेल?"
त्याच रात्री बसस्टॉपवर दोघांनी भाव विचारला.
तिसरा हवालदार.
त्याने पासपोर्ट विचारला.

खिडकीतले गावंडेसाहेब अर्ज उलटापालटा करतात.
वाईट नाहीत. चष्मा पुसतात, मग बोलतात.
रकाना सात, अन्यायाचं कारण, एकच लिहा.
रंग म्हणाल, तर त्याच ब्युरोत
हिचा मावसभाऊ मॉलच्या गेटवर वॉचमन,
त्याला पूर्ण पगार, वर रुबाब दिसतो म्हणून पाचशे.
बाई म्हणाल, तर बाकीच्याही बायाच,
त्यांची तक्रार नाही.
मनगटाचं प्रकरण वरच्या मजल्यावर,
तिथे पगाराची स्लिप लागते.
स्लिप ब्युरो देत नाही.
म्हणजे, साहेब म्हणाले, तसा पुरावाच नाही काही.

जुन्या मशीनवर मी दोन कार्बन घालायचे.
बोट एकदाच आपटायचं,
अक्षर तिन्ही पानांवर उठायचं.
खालच्या पानावर जरा पुसट, पण तेच.
कोणत्या पानाला लागलं,
असं कुणी मशीनला विचारलं नव्हतं.

रकाना अडीच इंचाचा.
मी अक्षर बारीक केलं, अजून बारीक केलं,
तरी वाक्य बाहेर सांडत राहिलं.

तेवढ्यात चहा आला.
वकिलांना काचेचे ग्लास,
आणि माझा, कान तुटलेला कप,
मीटरच्या पेटीमागून काढून, लांबूनच धुऊन.
बावीस वर्षं हा कप या वकिलांनी पाहिलेला नाही.
संविधान तोंडपाठ असलेलेही आहेत त्यात.
तिने पाच मिनिटांत पाहिला.

काही बोलली नाही.
पोऱ्याने पुढे केलेला ग्लास परत दिला,
माझा कप उचलला, अर्धा प्याली,
अर्धा माझ्यापुढे ठेवला.
मग म्हणाली, "तुझ्या सातव्यात काय लिवशी?"

प्रिंटरमध्ये कागद अडकला होता.
मी तो बराच वेळ ओढत राहिले.

अर्ज मंगळवारी लाल शेरा मारून परत आला,
रकाना सातमध्ये कारणे अनेक, दुरुस्त करून आणावा.
दुरुस्त काय करायचं, मी विचारलं.
साहेबांनी चष्मा पुसला.

ती पुन्हा आली, रात्रपाळीवरून थेट,
डोळे तांबारलेले.
तोच मजकूर मी परत छापला.
या वेळी रकान्याची चौकटच काढून टाकली.
पैसे नको म्हणाले तर रागावली.
चाळीस रुपये मोजून ठेवले तिने,
दहाच्या चार नोटा,
आणि पर्स माझ्या मांडीवर नाही,
हे पाहिलं की नाही, कोण जाणे.